दांडी वाढली

पाटेवाल्याचा धंदा कुणी हौसेने करत नाही. बापाने केला म्हणून मी करतो. सावर्ड्याला हायवेच्या कडेला आमची शेड आहे, तिच्यावर 'काशीराम पाटेवाले' अशी पाटी आहे आणि तो काशीराम मीच. ट्रक-टेंपोच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांचे थर असतात, गाडीचं सगळं ओझं ज्यांच्यावर झुलतं, ते पाटे. तुटले की बदलायचे, बसले की पुन्हा कमान देऊन उभे करायचे. चाळीस वर्षं हेच. माझी बायको गुणवंती पहिली दहा वर्षं शेडवर भाकरी घेऊन यायची, पुढची पंचवीस पाना घेऊन येते. तिच्याइतका घट्ट नट आवळणारा पुरुष मला या हायवेवर भेटलेला नाही. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही, तो भाग वेगळा.

हल्ली पुण्या-मुंबईची पोरं येतात जीप उंच करून घ्यायला. वीतभर उंची वाढवून, चार मोठे टायर लावून चिखलात जायचं म्हणतात, आणि चिखल उडाला की आधी फोटो काढतात, मग फडकं शोधतात. नाकापेक्षा मोती जड. मी करून देतो आणि मनात हसतो.

म्हणून दीपेश जुनी फोर-व्हील, म्हणजे चारही चाकांनी ओढणारी, पिकअप घेऊन दारात उभा राहिला आणि "भावोजी, चार इंच उचलून द्या" म्हणाला, तेव्हा मला वाटलं, हाही बिघडला.

दीपेश गुणवंतीचा भाऊ, तिच्याहून पंधरा वर्षांनी धाकटा. त्यांची आई येसूबाई दिवसभर भाताच्या खाचरात असायची, त्यामुळे पोराला गुणवंतीनेच कडेवर घेऊन मोठा केला. आम्हाला मूलबाळ नाही. तिची सगळी माया त्या एका ठिकाणी साचली होती. तो मुंबईत लिफ्ट दुरुस्तीला होता. बाप गेला तेव्हा जो गावी आला, तो परत गेला नाही.

त्यांचं गाव उंबरकोंड. डांबरी सडक खाली संपते, वर तीन किलोमीटर नुसता कातळ आणि डोंगरातल्या पाण्याचे दोन पऱ्हे. पावसाळ्यात पऱ्ह्यांनी वाटेचे दगड इकडचे तिकडे केले की बैलगाडीसुद्धा चढत नाही. माणूस आजारी पडला की डोली. बांबूला घोंगडी बांधायची, त्यात माणूस घालायचा. चौघे उचलतात, पण चौघांनी तीन किलोमीटर होत नाही, म्हणून खांदा बदलायला आणखी बारा बरोबर चालतात. डोलीला सोळा माणूस, हा उंबरकोंडचा शिरस्ता. हाक आली की हातातला कोयता टाकून सोळाजण निघतात, कुणाला बोलवावं लागत नाही. दीपेशच्या बापाला छातीत कळ आली तेव्हाही सोळाजण निघाले होते. दुसऱ्या पऱ्ह्यात तो डोलीतच गेला. सोळाच्या सोळा तिथूनच मागे वळले.

"भावोजी, गाडी घराच्या दारात जायला पायजे," दीपेश म्हणाला. "पर्‍ह्यातले दगड पोटाला लागतात, म्हनून उंच पायजे. मला फोटो काढायचा नाय."

मला माझ्याच डोक्यातल्या विचाराची लाज वाटली. गुणवंती ट्रकखाली होती, ती सरपटत बाहेर आली आणि हात पुसत मला म्हणाली, "उंच करा नायतर बुटकी करा, माझा भाऊ घरी परत आला पायजे. आयला आता तो येकटाच हाय. मलापन."

"चाळीस वर्षं काय गवत कापतोय मी?" मी म्हटलं.

तीन आठवडे आम्ही त्या गाडीला लागलो होतो. मोठ्या पाट्याला थंड लोखंडावरच ठोकून कमान दिली. घाईतले लोक भट्टीत तापवून वाकवतात, त्याने पाट्याचं पाणी, म्हणजे लोखंडाचा कस, जातं आणि दोन महिन्यांत तो जीभ काढतो. वर एक जादा पाटा घातला. लांब शॉकअप लावले. ब्रेकचे रबरी पाईप लांब घेतले, कारण गाडी उचलली की जुने पाईप ताणून फाटतात. पुढची बाजू त्याच मापात वर घेतली. गुणवंती प्रत्येक बोल्ट दोनदा आवळत होती. दीपेश बाजूला उभा राहून विचारायचा, हे कशाला, ते कशाला, आणि मला फार दिवसांनी आपला धंदा आवडला.

राहिली एक दांडी. ती नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. पिकअपच्या मागच्या एक्सलजवळ हातभर लांबीची बारीक दांडी असते. तिचं खालचं टोक एक्सलला आणि वरचं टोक चासीवरच्या ब्रेकच्या डबीला. गाडीत माल भरला की बॉडी खाली बसते, दांडी डबीला वर ढकलते. डबीला कळतं की गाडी भरली, आणि ती मागच्या चाकांना पुरता ब्रेक सोडते. गाडी रिकामी असली की बॉडी उंच, दांडीचा जोर नाही, डबी मागचा ब्रेक आखडता घेते. नाहीतर रिकामी गाडी ब्रेक दाबल्यावर मागून फिरते. आता गाडी चार इंच उचलली तर दांडीला गाडी कायमचीच रिकामी वाटणार. तुम्ही वर वीस पोती टाका, तिला खबर नाही. म्हणून जेवढी गाडी वर, तेवढी दांडी लांब करायची.

हायवेवरचे अर्धे मिस्त्री या दांडीच्या वाटेला जात नाहीत. काही जण ती काढून भंगारात टाकतात. सपाट रस्त्याला गाडी चालते, थांबते, गिऱ्हाईक खूश. तसल्या गाड्या आमच्याकडे पाट्यांसाठी यायच्या. गुणवंती खाली जायची, दांडी नाही हे बघायची, मला सांगायची. मी म्हणायचो, "असू दे, आपल्याला काय करायचंय?" दुसऱ्याच्या गाडीत नाक कशाला खुपसा. ती दांडी कशासाठी असते हे मी तिला पंचवीस वर्षांत एकदाही बसून सांगितलं नाही. तिने विचारलं नाही असं नाही. मी "ब्रेकची आहे" एवढं बोलून पुढच्या नटाकडे वळायचो.

तेवढ्यात माझ्या डोळ्याची तारीख आली. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, सहा महिने थांबून रत्नागिरीच्या दवाखान्यात नंबर लागला होता, तो नेमका नवरात्रात. दीपेशला दसऱ्याला गाडी घरी न्यायची होती. मी चार इंचाचा तुकडा कापून, घासून ठेवला. समोरच्या शेडमधला वेल्डर गुरुप्रसाद, त्याला दांडी दाखवली. "काढ, मधून काप, हा तुकडा जोड, परत बसव. अर्ध्या तासाचं काम." तो म्हणाला, अष्टमीला करतो. गुणवंतीला बजावलं, "त्याच्याकडून दांडी वाढवून घे आणि मला फोन कर."

अष्टमीला सकाळी माझं ऑपरेशन झालं. नवमीला डोळ्यावर पट्टी बांधून मी खाटेवर पडलो होतो, आणि उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसा फोनवरून शेड हाकत होतो. तेव्हा गुणवंतीचा फोन आला. ते बोलणं मला शब्दन् शब्द पाठ आहे.

"अहो, खंडेनवमीची पूजा मांडलीय," ती म्हणाली. "पाने, हातोडे, जॅक, सगळं धुवून पाटावर ठेवलंय. दिवा लावलाय. दीपू झेंडूचे हार घेऊन आलाय."

"दांडीचं काय झालं?"

"दांडी वाढली."

"झालं का ते?"

"व्हय. गुरुप्रसाद काल सांजचा येऊन गेला. आता काय करू?"

"आता काय करायचंय? बरं झालं. उद्या नारळ फोड आणि गाडी सोड."

"फोड काय म्हनता सनाच्या दिवशी? वाढव म्हना."

"बरं बाई, वाढव," मी हसून म्हणालो. नर्स डोळ्यात थेंब घालायला आली होती, मी फोन ठेवला.

दसऱ्याला गाडी उंबरकोंडला गेली. गुणवंती पुढच्या सीटवर बसून माहेरी गेली. वर एका सड्यावरच, उघड्या कातळमाळावर, रेंज येते, तिथे चालत जाऊन तिने मला फोन केला. दोन्ही पऱ्हे गाडीने पायवाटेसारखे ओलांडले म्हणे. येसूबाईने टायरला हळदकुंकू लावलं आणि टायरलाच मिठी मारून रडली. "आज हे असते तर," एवढंच म्हणत राहिली. "तुमी चांगलं काम केलंत," गुणवंती म्हणाली. पस्तीस वर्षांच्या संसारात हे तिने मला पहिल्यांदा सांगितलं. मीही काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "पाटे अजून बसायचेत, पंधरा दिवसांनी परत आवळायला घेऊन ये."

पंधरा दिवस झाले नाहीत. कोजागिरी होऊन पाच दिवस झाले होते, वरच्या खाचरांत भातकापणी चालू होती. दुपारी मोरूच्या हाताला फुरसं डसलं. मोरू येसूबाईचा शेजारी, साठीचा, अंगाने काटकुळा माणूस. पुढचं जे सांगतो ते मला मोरूनेच सांगितलं आहे.

दीपेशने गाडी खाचराच्या बांधापर्यंत आणली. मोरूला पुढे बसवलं. आणि हाक ऐकून आलेले सोळाजण मागे चढले. कुणी कुणाला चढ म्हटलं नाही. गाडीला खांदा लागत नाही, बदलायचं काही नाही, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण माणूस डोलीतून निघाला की सोळाजण निघतात. मोरू जगावा म्हणून ज्याच्या त्याच्या पायांना हेच एक माहीत होतं. दीपेशनेही कुणाला उतर म्हटलं नाही. त्याच्या बापाच्या डोलीला तेच खांदे होते.

तीन किलोमीटर कातळ गाडी मुंगीसारखी उतरली. छोट्या गिअरमध्ये, चारही चाकं धरून. पर्‍ह्यात कुणाचा पाय ओला झाला नाही. मागचे लोक देवाचं नाव घेत होते आणि दीपेशच्या पाठीवर थापा मारत होते. मग डांबरी लागली. मोरूचा हात कोपरापर्यंत सुजला होता, हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. दीपेशने फोर-व्हील काढला आणि गाडी पळवली. तिथून खाली चार वळणांचा उतार आहे. पहिल्या वळणाला त्याने ब्रेक दाबला. दुसऱ्या वळणाला जोरात दाबला. मोरूला रबर जळल्यासारखा वास आला. तिसऱ्या वळणाला पाय पार टेकला आणि गाडी तशीच चालली. मागच्या चाकांना ब्रेक नावालाच होता. सोळा माणसांचं ओझं पुढची दोन चाकं एकटी धरून होती, ती जळून गेली.

"दीपूनं मागं बगितलान," मोरूने मला सांगितलं. "वराडलान, उड्या टाका, उड्या टाका. कुनी टाकली नाय. डोली टाकून कोन पळतो?"

चौथ्या वळणाच्या खाली एक बंद पडलेली चिरेखाण आहे. जांभा काढून काढून दोन पुरुष खोल झालेली, पावसाचं पाणी तसंच साचलेलं. गाडी तिच्यात गेली. दीपेश गेला. मागचे तिघे गेले. उरलेल्यांत कुणाची कंबर मोडली, कुणाचे पाय. मोरूला खरचटलंसुद्धा नाही. त्याला कुणीतरी मोटरसायकलवर घालून दवाखान्यात नेला, इंजेक्शनं मिळाली, तो वाचला. तो वाचला याचं त्याच्याइतकं दुःख कुणाला झालं नसेल.

मी रत्नागिरीहून परत आलो होतो, काळा चष्मा लावून घरात बसलो होतो. बातमी आली तेव्हा गुणवंती चूल पेटवत होती. ती ओरडली नाही. तिने पेटलेलं लाकूड बाहेर ओढलं, त्याच्यावर पाणी ओतलं, पायात चपला घातल्या आणि चालायला लागली. नंतरच्या सगळ्या दिवसांत, जाळताना, दहाव्याला, तेराव्याला, ती एकदाही रडली नाही. येसूबाई छाती पिटत होती, बायका तिला धरत होत्या. गुणवंती भिंतीला टेकून आपल्या हाताच्या तळव्यांकडे बघत बसायची. मला वाटलं, धक्का आहे.

चौथ्या दिवशी पोलिसांनी मला गाडी बघायला बोलावलं. क्रेनने वर काढून ठाण्याच्या आवारात ठेवली होती. आरटीओचे साहेब आले होते, तरुण होते, पण माणूस कामाचा होता, चटई टाकून स्वतः खाली गेला. मीही त्याच्या शेजारी सरपटत गेलो. डॉक्टरने वाकायचं नाही म्हटलं होतं. माझे पाटे जागच्या जागी होते. एक नट हललेला नव्हता. त्या चेंदामेंदा झालेल्या गाडीत आमचं काम तेवढं शाबूत होतं.

"हे बघा," साहेब म्हणाले आणि डबीवर बॅटरी मारली. दांडी नव्हती. डबीच्या टोकाशी बोटाएवढं थुटुक होतं. मी हाताने चाचपलं. लोखंड नुकतं मोडलं की मोड चकाकते. ही मोड तांबूस गंजली होती आणि तिच्यावर धूळ आणि ग्रीस बसलं होतं.

"हे अपघातात तुटलेलं नाही. पंधरा दिवस तरी झाले असतील."

मी तसाच पडून राहिलो. चिखलाचं पाणी टपटप तोंडावर पडत होतं. दांडी वाढली. आपल्याकडे बायका सणासुदीला, देवापुढे, दिव्यापुढे मोडलं-तुटलं म्हणत नाहीत. बांगडी वाढली म्हणतात. दिवा वाढवला म्हणतात. मंगळसूत्र तुटलं तर तेही वाढलं म्हणतात. तुटण्याचं नाव काढलं तर ते घरात येतं, म्हणून त्याला वाढण्याचं नाव द्यायचं. गुणवंती त्या दिवशी हत्यारांच्या पूजेपुढे उभी होती, दिवा लागलेला होता, गाडीला हार घालायचा होता, भाऊ शेजारी उभा होता. तिने 'तुटली' म्हणणं शक्यच नव्हतं. झालं होतं ते नंतर कळलं: गुरुप्रसादने गंजलेला बोल्ट हातोडीने काढायला घेतला, दांडी मोडली, 'सण झाला की नवीन आणतो' म्हणून तो आपल्या गावी गेला. तिने नवऱ्याला फोन करून सांगितलं. आणि नवऱ्याने सांगितलं, बरं झालं, गाडी सोड.

एक 'व' कमी होता. 'वाढवली' म्हणाली असती तर लांब केली. 'वाढली' म्हणजे तुटली. माझ्या कानाने तो 'व' स्वतःच भरून घेतला.

खोटं कशाला सांगू, त्या गाडीखालून बाहेर येताना माझा पहिला विचार काय होता? राग. तिचा राग. ठाण्यापासून घरापर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होतो. लोखंडाच्या धंद्यात पंचवीस वर्षं काढून तुला तुटलं म्हणता येत नाही? त्या तुझ्या सोवळ्या जिभेने चार माणसं मारली. घर येईपर्यंत वाक्यं तयार होती. ती तिथे नव्हती, माहेरी होती, म्हणून वाचलो. रात्र गेली, सकाळी मी शेड उघडली. समोरच फळीवर तो चार इंचाचा तुकडा होता, मी घासून ठेवलेला, कशालाही न जोडलेला. तेव्हा कळलं. फोनवर मी एक प्रश्न विचारायला हवा होता. किती इंच? कुठलाही मिस्त्री विचारतो. किती कापलं, किती जोडलं, किती भरलं. समोर कुणी पोऱ्या असता तर मी दहा प्रश्न विचारले असते आणि वर शिव्या दिल्या असत्या. बायको म्हणाली, आणि मी 'बरं झालं' म्हणून मोकळा झालो. पंचवीस वर्षं तिचं बोलणं मी असंच अर्धं ऐकत आलो होतो. गाडीचं सोडा, जेवताना, झोपतानासुद्धा.

तेरावं झाल्यावर ती परत आली. दुसऱ्या दिवशी ठाण्यात माझा जबाब होता. संध्याकाळी मी शेडमध्ये बसलो होतो, ती आली आणि पाट्यांच्या ढिगावर समोर बसली. तेरा दिवसांत ती अर्धी झाली होती.

"येक विचारते. खरं सांगा," ती म्हणाली. "ती दांडी तुटली व्हती."

तिच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

"व्हय," मी म्हटलं.

"मी तुमाला वाढली म्हनून सांगितलं. पूजा मांडलेली, म्हनून तसं बोलले. तुमी म्हनालात बरं झालं. मला वाटलं, बाकीच्या गाड्यांना नसते, तशी हिला नसली तरी चालत आसंल. तुमी सांगितलंत म्हनून सोडली मी गाडी." तिने तळवे उघडून बघितले, मिटले. "मी त्या दिवसापास्नं इचार करते. तुमी काय ऐकलंत? तुमाला तुटली असं कळलं व्हतं, का तुमी लांब केली असं ऐकलंत?"

मला कळलं की ती का रडली नाही. तेरा दिवस ती या एका प्रश्नावर बसून होती. मी 'लांब केली असं ऐकलं' म्हटलं असतं तर तिचा भाऊ तिच्या एका शब्दाने गेला असता. जो तिने त्याचं भलं व्हावं म्हणून, अशुभ टळावं म्हणून उच्चारला, त्याच शब्दाने. येसूबाई म्हातारी आहे, जाईल. गुणवंतीला अजून वीस-पंचवीस वर्षं काढायची आहेत. त्या शब्दाबरोबर ती वीस दिवससुद्धा काढू शकली नसती. मागच्या अंगणात विहीर आहे आणि मी तिला ओळखतो.

"मला कळलं व्हतं," मी म्हणालो.

"काय?"

"तुटली असंच कळलं. वाढली म्हनजे तुटली, येवडं काय मला कळत नाय?"

"मंग?"

"मंग काय? सनाचे दिवस, दुकानं बंद. म्हटलं, चालंल पंधरा दिवस. नंतर बघू."

तिच्या छातीतून एक लांब श्वास बाहेर आला, डोक्यावरचा भारा खाली टाकल्यावर येतो तसा. मग तिचा चेहरा फिरला. तिने हाताला लागला तो पाना उचलला आणि माझ्या खांद्यावर हाणला. पाना पडला तर हातांनी मारत सुटली. "चालंल म्हनालात? माझा दीपू, माझा दीपू, आनि तुमी चालंल म्हनालात?" ती रडत होती. तेरा दिवसांचं सगळं एकदम आलं. हायवेवरचे लोक धावत आले, मी त्यांना हाताने थांबवलं. मला मार लागत होता आणि मी मनात म्हणत होतो, रड, रड बाई, रडलीस म्हणजे जगशील.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात हवालदार जबाब लिहायला बसला. गुणवंती बाहेर बाकावर बसली होती, तिचा जबाब माझ्यानंतर होता. दार उघडंच होतं.

"दांडी तुटल्याचं तुम्हाला कधी समजलं?"

"नवमीला. बायकोने फोन करून स्पष्ट सांगितलं."

"कळूनही तुम्ही गाडी सोडायला सांगितली?"

"हो."

त्याने पेन थांबवलं. "काशीरामभाऊ, कळतंय ना काय लिहून देताय? आत जाल."

"लिहा," मी म्हटलं. "बायको नको म्हणत होती, हेही लिहा."

त्याने लिहिलं. मी सही करायच्या आधी त्याला म्हटलं, एकदा मोठ्याने वाचून दाखवा, मला उजव्या डोळ्याने अजून नीट दिसत नाही. त्याने सगळं वाचलं. सरकारी मराठीत ते आणखीच वाईट वाटत होतं. मी सही केली.

बाहेर आलो तेव्हा गुणवंती उभी होती. तिचा जबाब झाला की ती उंबरकोंडला आईकडे जाणार होती, कायमची, हे तिने सकाळीच सांगितलं होतं. मी तिच्या शेजारून गेलो. तिने माझ्याकडे बघितलं नाही. पदर कमरेला खोचला, मान वर केली आणि आत जाऊन हवालदाराला खणखणीत आवाजात आपलं नाव सांगितलं.